सासूबाईंचं पहिलं उड्डाण

गावात तिला सगळे विमानवाली म्हणत. खरं तर तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवायच्या आणि ‘आता दिसतंय का नीट?’ असं विचारायचं, हा तिचा धंदा. पण सुट्टीच्या सकाळी ती गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर जायची, पत्र्याच्या शेडमधून दोन सीटांचं पांढरं विमान ढकलत बाहेर काढायची आणि आभाळात निघून जायची.

विमान नवऱ्याचं. तो होता तेव्हा ती शेजारी डोळे मिटून बसायची. धावपट्टीच्या तोंडाशी थांबून तो इंजिनाचा जोर वाढवायचा आणि ठिणगीची तपासणी करायचा. ठिणगी पाडणारे मॅग्नेटो दोन असतात, एकानं दगा दिला तर दुसऱ्यानं तारावं म्हणून. त्यातला एक बंद केला की इंजिनाचा आवाज किंचित खाली बसायचा, झोपेत कोणी कूस बदलावी तसा. चालू केला की पुन्हा वर. मग दुसरा. तेवढ्यात तिला अशी काही गुंगी यायची, की जमीन कधी सुटली हे कळायचंच नाही.

नवरा आजारपणात गेला. विमान धूळ खात पडलं. विकायला काढलं, तर गिऱ्हाइकं बघून जायची, नाकं मुरडायची. शेवटी एक दिवस तिनं स्वतःच शिकायला घेतलं.  ती उडायला गेली की परत येईपर्यंत सासूबाई खिडकीतून हलायच्या नाहीत.

विमानाची देखभाल धाकटा दीर बघायचा. तो विमानतळावर मेकॅनिक होता. एकदा म्हणाला, “वहिनी, मॅग्नेटो पार झिजलेत. दोन्ही काढून ठिणगीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवतो.”

बसवलं. तिनं सवयीनं एक स्विच बंद केला, जिवाचा कान केला, आणि आवाज जेमतेम हलला. दुसरा बंद केला, तेच. तिला वाटलं, घरातलं कोणीतरी न सांगता उठून गेलं.

“भाऊजी, इंजिन मुकं केलंत तुम्ही!”

“मुकं नाही हो, धडधाकट केलंय. आता कानावर विसंबू नका, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे बघा. आणि एक तपासणी वाढलीय. जुने मॅग्नेटो आपली वीज आपणच करायचे. याला बाहेरून लागते. मुख्य वीज गेली तर ही छोटी राखीव बॅटरी सांभाळते. म्हणून उडण्याआधी मुख्य वीज तोडून बघायचं, इंजिन बॅटरीवर तग धरतं का. दरवेळी!”

“तुमचे दादा असते तर...” एवढंच बोलून ती निघाली आणि तिनं चक्क अबोला धरला. पण तपासणी मात्र दरवेळी करायची, फुरंगटून का होईना.

मग एके संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “मला ने की एकदा.”

“आई, तुम्ही? त्यांच्याबरोबर तर कधी बसला नाहीत.”

“तो वर असला की माझा जीव टांगणीला. आता कोणासाठी भ्यायचं?”

ठरल्या सकाळी धुकं नुकतं विरत होतं. ओल्या गवतावर ऊन सांडलं होतं, सगळं मैदान अर्धवट जागं झाल्यासारखं. सासूबाई स्वेटर घालून, पट्टा आवळून, डोळे गच्च मिटून बसल्या. धावपट्टीच्या तोंडाशी तिनं एक स्विच बघितला, दुसरा बघितला. काटा जागच्या जागी. समोर उजेड असा मऊ, की तिचंही भान हरपत चाललं. जाऊ दे आता, असं मनात येऊन गेलं. हात मात्र सवयीनं पुढे गेला आणि तिनं मुख्य वीज तोडली.

इंजिन बंद पडलं.

पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.  बाहेर गवत सळसळत होतं.

“पोचलो का गं?” सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिनं शेडकडे बघून दिराला हात केला.

दीर धावत आला. राखीव बॅटरीची तार उंदरानं कुरतडली होती. ती हातात धरून तो चाकाशी बसला. “वहिनी, वर असताना मुख्य वीज गेली असती तर...”

“नाही ना गेली? तुम्हीच सांगितलं होतंत, दरवेळी. उठा बरं, नवी तार लावा.” इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. त्यानं मान खाली घालून डोळे पुसले आणि पाना उचलला.

दुपार कलताना पुन्हा तपासणी झाली. मुख्य वीज तोडली, तरी इंजिन चालत राहिलं. मग विमान हलकेच जमिनीवरून उठलं.

वर गेल्यावर सासूबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली नदी कोणीतरी टाकून दिलेल्या रिबिनीसारखी पडली होती. ढगाची सावली शेतांवरून चालली होती आणि विमानाची इवलीशी सावली तिच्यात शिरत होती, निसटत होती. 

“एवढं सगळं तो बघायचा,” सासूबाई म्हणाल्या, “आणि घरी आल्यावर मी विचारायची, जेवलास का.”

तिनं विमान अलगद वळवलं. पंखावर ऊन आलं, मग सासूबाईंच्या मांडीवर आलं. त्यांनी त्यावर हात ठेवला, मांजर बसलं असावं तसा.

“घाई नाही ना तुला?” त्यांनी विचारलं.

“नाही, आई.”

“मग अजून एक चक्कर मार.”