ट ला ट लावणारी छबुबाई

आमच्या छबुबाईला गावानं लई नावं ठेवली, पण ती कुणाच्या बापाला भ्याली न्हाई. घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव. दूध सोसायटीच्या मागच्या खोलीत तिची बालवाडी भरायची. पाटी-पेन्सिल नंतर. आधी पोरांना गोल बसवायची अन् म्हणायची, "वारा!" पोरं वरडायची, "तारा! गारा! बारा!" मग तेच शब्द ती कोळशानं भिंतीवर एकाखाली एक लिहायची. शेपूट तेच, तोंड तेवढं येगळं, हे पोरांच्या आपोआप ध्यानात यायचं.

त्यात दुष्काळ पडला. जनावरांसाठी पेंडीची पोती आली, अन् सोसायटीचे सेक्रेटरी सुंदरराव म्हणले, "खोली रिकामी करा. नुसतं ट ला ट लावून कुणी शिकतंय व्हय?"

छबुबाई कसली ऐकती! "न शिकवलेला शब्द तुमीच लिहा. पोरांना वाचता आला न्हाई, तर ही घ्या किल्ली."

सुंदररावांनी लिहिलं, 'चारा'. माझी पाच वर्षांची नात पुढं झाली. "वारा... न्हाई, हा तर चहाचा च हाय. चारा!" अगं बया! माझ्या डोळ्याला पाणीच आलं.

सुंदरराव म्हणले, "पाठ करून घेतलंय." अन् दुसऱ्या दिवशी पोती आत टाकलीच की! पोरं बाहेर उन्हात.

मी भिवराबाई, जन्माची अंगठेबहाद्दर. दाखवाल तिथं अंगठा उठवलेली बाई. पण त्या दिशी माझं टाळकंच सरकलं. दुसऱ्या सकाळी दूध घालायच्या रांगेत मी पहिली होते. किटलीचं झाकण दाबून दूध मापायच्या काट्यापुढंच बसकण मारली. "पोती निघंपर्यंत दूध न्हाई." मागं हाफिजा बसली, बायनाबाई बसली, सगळी रांगच बसली. छबुबाईनं तिथंच पोरं गोळा केली अन् चालू केलं, "पोती! माती! हाती!"

डेअरीची गाडी आली, भोंगा वाजवाय लागली. ऊन चढलं. सुंदरराव आधी हसले, मग तापले, मग हात जोडाय लागले. "भिवराबाई, दूध नासंल की हो!"

"नासू द्या," मी म्हणलं. "म्हस उद्या परत दूध देईल. पोरांचं हे वय परत येतंय व्हय?"

सुंदररावांनी इकडं तिकडं बघितलं. एक गडी जागचा हालंना. मग पहिलं पोतं त्यांनी सोताच उचललं.