सदतीस दिवसांचा पहारा

२ एप्रिल २०१९, मंगळवार. गुडघा ठणकतोय. तुरुंगाच्या कचेरीत जाणे आहे. गेल्या वर्षीची डायरी पिशवीत घेतली.

एवढं लिहून वहिनी निघाल्या. ही चौथी खेप. त्यांचे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी एक लिफ्ट दोर तुटून कोसळली, आतला माणूस अधू झाला, दिरांचा हात पिचला आणि निष्काळजीपणाचा गुन्हाही त्यांच्याच माथी आला. जामीन मिळाला नाही. शिक्षा एक वर्षाची झाली. खटल्याआधी अटकेत काढलेले दिवस तीतून वजा करावेत, असं निकालात स्पष्ट होतं. पण कचेरीने वर्ष मोजलं ते दीर तुरुंगाच्या फाटकातून आत आले त्या दिवसापासून, वीस एप्रिलपासून. त्याआधी सदतीस दिवस ते इस्पितळात पोलीस पहाऱ्यात होते, ते दिवस कोणाच्या खिजगणतीतच नव्हते.

"आजी, पुन्हा आलात?" कारकून म्हणाला. "अठरा दिवस तर उरलेत. सुटतीलच की."

"मग तुम्ही काढा अठरा दिवस आत. डबा मी आणीन."

दाराशी उभा शिपाई फिसकन हसला.

"अहो, इस्पितळ म्हणजे काय कोठडी? आरामच तो."

"एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा बेडीने खाटेला. नाक खाजवायचं तरी पोलिसाला हाक मारावी लागायची. असला आराम वैऱ्यालाही नको."

वहिनींनी डायरी उघडून पुढे सरकवली. चौदा मार्च : डबा दिला. पोलिसाने चमच्याने ढवळून पाहिला. बिल्ला ४१२. पुढच्या पानावर बिल्ला ३०७. मग पुन्हा ४१२. भेटलेल्या माणसाचं नाव लिहायचंच, ही लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरने लावलेली सवय. पोलीस नाव सांगत नसत, म्हणून वहिनी बिल्ला टिपायच्या.

"डायरी पुरावा होत नाही, आजी."

"ठाऊक आहे. पण चारशे बारा त्या दिवशी कुठे पहाऱ्यावर होता, ते ठाण्याच्या वहीत असेलच ना?"

कारकुनाने नाइलाजाने फोन लावला. वहिनी बाकावर दोन तास बसल्या. ठाण्याच्या वहीतल्या नोंदींची प्रत आली. त्याने एकेक तारीख डायरीशी ताडून पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे ते यंदा चौदा मार्चलाच सुटायला हवे होते."

"हो. आज एकोणीस दिवस जास्त झाले. ते आता कशातून वजा करणार?"

कारकुनाने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. रागावण्याइतकं त्राण वहिनींच्या अंगातही उरलं नव्हतं. साहेबांची सही झाली. उद्या सकाळी दहाला सोडणार.

भेटीच्या जाळीपलीकडून दिरांनी विचारलं, "वहिनी, उद्या म्हणजे नक्की उद्याच ना?"

"नक्की, भाऊजी. कागद डोळ्यांनी पाहिलाय."

घरी येऊन त्यांनी गुडघ्याला तेल चोळलं आणि सकाळच्याच पानावर खाली लिहिलं : दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर जास्त सांगितले.