ओवाळणीचं शिसं

आम्ही दोघांनी शेवटचं मिळून काय केलं, तर बारामतीच्या घरी अंगणात बसून शेंगा फोडल्या. फोडता फोडता हिनं विचारलं, "त्या शिशाच्या केसमधला माणूस सुटला का वो?" मी म्हणालो, सांगतो नंतर. तिसऱ्या दिवशी ती गेली. ती केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे, म्हणून लिहितो. मी सातवी पास, हवालदार म्हणून रिटायर झालो. शुद्धलेखन बघू नये.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी इंदापूर ठाण्याला होतो. खबऱ्यानं सांगितलं की धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्या एकाच्या जाळ्याला सगळी नवीकोरी शिशाची वजनं आहेत. झडती घेतली तर चुलीमागं अर्धी वितळलेली वीट सापडली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर. त्याच आठवड्यात पुण्याहून बिनतारी संदेश आला होता. एका विद्यापीठात किरणं सोडणारं मशीन आहे, दुरुस्तीला भिंत उघडली तर आतल्या शिशाच्या विटा गायब.

चोर म्हणजे या कोळ्याचा मेहुणा. सणसर गावचा, त्याच विद्यापीठात झाडलोटीला. पुढची रांग तशीच ठेवून मागच्या विटा काढायचा, त्यामुळं कुणाला कळलं नाही. गुन्हा कबूल केला, पण "एकदाच नेल्या" यावर अडून बसला.

विटा ओळखायला विद्यापीठातल्या मॅडम आल्या. आमचे शिपाई मुद्देमालाच्या खोलीत जायला तयार नव्हते, आपल्याला किरणं लागतील म्हणून. मॅडमनी किरणं मोजायचं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, शिसं काही करत नाही. ते तिथं नाही, हेच वाईट."

मग कळलं. त्या भिंतीमागं एक टेक्निशियन रोज बसायचा. किरणं किती लागली ते मोजणारा बिल्ला छातीला लावायचा असतो. घामानं खराब होतो म्हणून हा गडी तो कपाटात ठेवायचा. म्हणजे बिल्ल्यावर काहीच नाही. भिंत कधीपासून पोकळ होती ते कळलं, तरच त्याला किती लागलं याचा हिशोब निघणार होता. दोन दिवस मी चोराला सगळ्या तऱ्हेनं विचारलं. तो "एकदाच" याच्यापुढं जाईना.

घरी जेवताना बोललो. ही म्हणाली, "त्याला काय इचारता? त्याच्या भनीला इचारा. भाऊ आला तवा काय रांधलं हुतं, बाई इसरत न्हाय."

कोळ्याच्या बायकोला मी खोटं सांगितलं नाही. म्हणालो, तू बोललीस तर भावाचा गुन्हा वाढेल, नाही बोललीस तर एका माणसाचं औषधपाणी अडेल. ती म्हणाली, "पंचमीला आला, तवा पुरणाची दिंडं केली हुती. मग गौरीला. भाऊबीजंला ओवाळलं, तर ताटात शिसंच ठिवलं. म्हनला, दाजीच्या जाळ्याला व्हईल." बोलताना ती हसली आणि लगेच रडली.

तोवर मला वाटायचं, कोणी केलं ते कळलं की पोलिसाचं काम संपलं. कधीपासून आणि त्यानं कुणाचं काय झालं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. तेही बायकोनं सुचवलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉकअपपाशी गेलो. कोर्टात ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं म्हणून बहीण काय बोलली ते त्याला सांगितलं, आणि का बोलली तेही. वाटलं, शिव्या देईल. तो गजाला डोकं टेकून उभा राहिला.

"खरंय तिचं," म्हणाला. "पन पंचमीच्या आदी आखाडातबी दोन नेल्या हुत्या. दाजीला पान्यावरच दिल्या. तिला म्हाईत न्हाय. लिवा सायब."

कागद पुढ्यातच होता. तो तसाच ठेवला आणि आधी पुण्याला मॅडमना फोन लावला.