ओढ्यापलीकडचे क्रौंच

सासूबाई हॅम्बर्गला येऊन महिना होत आला होता, पण आम्ही दोघीच अशा कुठे गेलो नव्हतो. त्या रविवारी ऐनवेळी नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं. हायडेतली, शहराबाहेरच्या माळरानावरची भटकंती पुढे ढकलू या, असं मी म्हणणार होते, तोवर त्या बूट घालून दारात उभ्या. साडी, वर लेकाचं निळं जॅकेट आणि कानांवर ओढलेली लोकरीची टोपी.

"आपण दोघी जाऊ. तुला रस्ता माहीत आहे ना?"

"आहे, आई. पण दिवसभर चालायचंय."

"पोचायचं कुठे?"

"संध्याकाळी क्रौंच पक्षी उतरतात, तिथे. पण दिसतीलच असं नाही."

आई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं चालणं आजवर वॉर्डातून वॉर्डात, नाहीतर बसस्टॉपपर्यंत. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी थालीपिठांचा डबा माझ्या सॅकमध्ये टाकला आणि जिना उतरायला लागल्या.

ट्रेनमधून उतरलो तेव्हा धुकं विरत होतं. हेदरची झुडपं पसरलेला तो उघडा माळ. जांभळा बहर ओसरून सगळं तपकिरी झालं होतं आणि झुडपाझुडपावर कोळ्यांची जाळी दवानं चमकत होती. आई प्रत्येक जाळ्यापाशी थांबायला लागल्या. अशा गतीनं आपण पोचतो कसल्या, असं मला वाटत होतं. मागची तीन वर्षं मी शरद ऋतूत इथे येत होते, पण क्रौंच एकदाही दिसले नव्हते. एकदा पाऊस, एकदा दाट धुकं, एकदा मलाच उशीर. थंडी वाढली की ते दक्षिणेकडे निघून जातात.

माळ संपला आणि बीच वृक्षांचं जंगल लागलं. पिवळी पानं सारखी गळत होती. पायांखाली त्यांचा थर इतका जाड आणि त्याचा चुरचुराट इतका की आमचं बोलणं आम्हालाच ऐकू येईना. आई मुद्दाम पाय घासत चालत होत्या. मी पाहिलं तशा जराशा लाजल्या, पण थांबल्या नाहीत.

उतारावरून खाली ओढ्याच्या खोऱ्यात आलो आणि मी जागीच थबकले. लाकडी पुलावर झाड पडलेलं, आडवी लाल-पांढरी पट्टी आणि पाटी: गेश्पेर्ट.

"काय लिहिलंय?"

"बंद आहे. दुसरा पूल लांब आहे. तिकडून गेलो तर अंधार पडेल." माझा आवाज रडवेला झाला असावा.

आई काठावर गेल्या. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण तळाची वाळू स्पष्ट दिसत होती. त्यांनी एक काठी उचलून पाण्यात रोवून पाहिली. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत.

"बूट काढ," त्या म्हणाल्या.

"आई, पाणी बर्फासारखं असेल."

"असू दे की."

मी काही बोलायच्या आत त्यांनी साडी खोचली, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि काठी टेकत पाण्यात उतरल्या. मीही मागोमाग. गारठ्यानं पायांत कळ आली. मधोमध माझा पाय घसरला, तसं त्यांनी माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशीही ते दुखत होतं. पलीकडे पोचल्यावर दोघींचे दात वाजत होते आणि हसू आवरत नव्हतं. आईंनी सॅकमधून आपली शाल काढून आधी माझे पाय पुसले. मी नको नको म्हणत राहिले.

पुढे मूर, दलदलीचा माळ. पाण्यावरून फळ्यांची अरुंद वाट आणि शेवटी एक लाकडी मनोरा. वर एक वयस्क जर्मन बाई दुर्बीण लावून उभी होती. आम्ही उभ्याउभ्या थालीपिठं खाल्ली. आभाळ रिकामं. उजेड उतरायला लागला.

"कसला आवाज गं?" आईंनी टोपी वर सरकवली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं. लांबून, तुतारीसारखं, एकातून दुसरं. झाडांच्या शेंड्यांवर एक वाकडी रेघ उमटली, तिच्यामागे आणखी, आणि बघता बघता सगळं आभाळ हलायला लागलं. ते आमच्या डोक्यावरून इतके खालून गेले की पंखांची सळसळ ऐकू आली. पाय खाली सोडून एकेक जण पाण्यात उतरत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई कठडा धरून चवड्यांवर उभ्या होत्या.

त्या बाईनं दुर्बीण पुढे केली. आई बराच वेळ डोळा लावून होत्या. मग तिच्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "अहो, डोक्यावर लाल ठिपका आहे त्यांच्या."

"या, गेनाऊ," हो, अगदी बरोबर, असं ती बाई जर्मनमध्ये मनापासून म्हणाली.

फळ्यांवरून परतताना मोबाइलच्या उजेडात आई पुढे, मी मागे. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो आईंनीच घेतला.

"जेवायचं? तू काहीतरी करून ठेव," त्या म्हणाल्या. "आम्हाला उशीर होईल."