इंदूमावशीनं छाटलेला शब्द

"आता ते नाव कोण घेनार गं?"

मावशीच्या दहाव्याला पवनेच्या काठावर दोघी बाया हळू बोलत होत्या. माझ्या कानावर आलं आणि मी खाली बघितलं. ते नाव माणसाचं नव्हतं, रक्ताच्या एका तपासणीचं होतं... अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज.

इंदूमावशी तिकोणा पेठेजवळच्या पॉलिहाउसात गुलाबांची छाटणी करायची. दोन वर्षांपूर्वी फवारणीनंतर तिच्या शेजारची बाई लाळ गाळत कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, सगळ्या बायांची ही तपासणी दर महिन्याला करा. सुपरवायझरनं चिठ्ठी न वाचताच परत केली. कसली तपासणी हवी ते आधी तोंडानं सांगा, म्हणाला, मग बघू. ते नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, बाया परतल्या.

त्या रविवारी मावशी लोणावळ्याला आमच्या घरी आली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून चिठ्ठी माझ्यापुढे. मी एका दमात वाचून दाखवलं. "असं न्हाई," मावशी म्हणाली. "गुलाब छाटताना आमी डोळा बघतो, जितनं फुटवा येतो तो. ह्याला डोळं कुटं हायेत?" मी असे शब्द नुसते पाठ केले होते. आम्ही पेन्सिलीनं रेघा मारल्या : अ‍ॅसिटिल, कोलिन, एस्टरेज. मग त्यांचे आठ तुकडे. जोर सहाव्यावर, 'एस्'वर. तिनं मांडीवर बोटांनी पाच हलके ठोके घेतले, सहाव्याला थाप मारली, मग आणखी दोन हलके. हे शरीरात काय करतं, तिनं विचारलं. एक पदार्थ तोडतं, मी म्हणाले. "म्हंजी कात्रीच की. आन् फवारा त्या कात्रीची धार घालवतो, व्हय ना?" मला परीक्षेत हे इतकं सरळ लिहिता आलं नव्हतं.

सोमवारी ती सुपरवायझरपुढे न अडखळता बोलली. तो हसून म्हणाला, पोपटपंची. मग तुमी म्हना, ती म्हणाली. त्याला येईना. तपासणी सुरू झाली.

मावशी हृदयविकारानं गेली. फवाऱ्यानं गेली असं मी लिहिणार नाही, खोटं तिला खपत नसे. पण ती गेली त्याच महिन्यात तपासणी बंद पडली, हे मात्र लिहिणार.

मागच्या आठवड्यात बाया मला पॅकिंगच्या खोलीत घेऊन गेल्या. कसली तपासणी, सुपरवायझरनं फोनमधून मान वर न करता विचारलं. वर्गात हजेरीलाही मी नुसता हात वर करायचे... मी मांडीवर बोटांनी ठोके घेतले. बाया माझ्याकडे बघत होत्या.

"अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज," मी म्हणाले. "फवाऱ्यात काम करणाऱ्या सगळ्यांची. तारीख लिहून द्या, तोवर आमी हितंच बसतो."