जुन्या जाणत्यांचा जबाब

ती केस आठवली की आजही माझे कान तापतात. फिर्याद चोरीची होती, मुद्देमाल त्याच दिवशी मिळाला, आणि शेवटी ती चोरी नव्हतीच असं निघालं. तरीही फसलेल्या कुठल्याही तपासापेक्षा तिची मला जास्त लाज वाटते.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. इंदिरानगरातले एक सुखवस्तू गृहस्थ सकाळच्या हजेरीच्या वेळीच येऊन बसले. देवघरातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उमटवलेले घराण्याचे देव, गायब होते. कुलूप शाबूत, कपाटातले दागिने जागच्या जागी. अशा वेळी आधी घरातल्या माणसांकडे बघायचं, हे नव्या शिपायालाही कळतं. मला कळलं नाही, कारण फिर्यादी सोबत पुस्तक घेऊन आले होते.

पुस्तक म्हणजे त्यांच्या घराण्याचा कुळवृत्तांत, चांगला जाडजूड. लिहिणारे त्यांचे चुलतभाऊ, निवृत्त प्राध्यापक. खूण घातलेल्या पानावर वाक्य होतं: 'धाकट्या शाखेच्या मूळ पुरुषाने वाटणीच्या वेळी घरचे टाक पळवून नेले, असे जुन्या जाणत्यांकडून कळते.'

"रक्तातच आहे साहेब," फिर्यादी म्हणाले. "त्याचाच नातू, त्या शाखेतला म्हातारा, परवाच आमच्याकडे देवाच्या पाया पडून गेला."

एक तर छापलेलं, त्यात प्राध्यापकाने लिहिलेलं. मी हवालदाराला गाडी देऊन पाठवलं.

म्हातारबाबा मखमलाबादच्या बाजूला गुलाब पिकवायचे. फुलांची तोडणी चालू असताना त्यांना तसंच उठवून आणलं. फिर्यादीने फोन करून प्राध्यापकांसकट भाऊबंदही गोळा केले होते. त्या सगळ्यांसमोर मी आवाज चढवला. "आज्याने केलं तेच तुम्ही केलंत ना?"

"आज्याला चोर छापलं तवा मी गप बसलो साहेब," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? पर आज माझ्या नातसुनेनं दारात पोलिसाची गाडी पाहिली."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि प्राध्यापकांचा साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला घेतला. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो.

"हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं. जुन्या जाणत्यांकडून."

"नावं सांगा."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फिर्यादीकडे बोट केलं. "यांच्याकडून."

"आणखी कोणाकडून?"

"आणखी कोणी नाही."

मी फिर्यादीकडे वळलो. ते पुटपुटले, "वडिलांना आमच्या तसा संशय होता."

फिर्याद आणि पुस्तक या दोन साक्षी आहेत असं मी धरून चाललो होतो, आणि एकच माणूस दोनदा बोलत होता. त्याच्या वडिलांचा संशय लिहिणाऱ्याच्या हाताखालून जाताना 'कळते' झाला होता, आणि एकाचे 'जाणते' झाले होते.

मी फिर्यादीच्या घरी गेलो. जे सकाळी करायचं ते दुपारी केलं. दुसऱ्याच प्रश्नाला त्यांच्या पत्नी रडू लागल्या. आदल्या दिवशी शेजारणींबरोबर वणीला जाताना त्यांनी टाक देवीच्या भेटीला नेले होते. त्या घरात टाकांना कर्त्या पुरुषाशिवाय कोणी हात लावायचा नाही, म्हणून सांगून नेले नाहीत. गडावरच्या गर्दीत पुरचुंडी पडली, एक टाक वाकला. सोनाराकडून सरळ करून घ्यायला म्हणून त्या वणीतल्या भावाकडे सगळे ठेवून आल्या. नवरा थेट पोलिसांकडे गेल्यावर त्यांची वाचाच बसली. संध्याकाळी भाऊ टाक घेऊन ठाण्यात हजर झाला.

फिर्यादी "गैरसमज झाला" म्हणून मोकळे झाले. प्राध्यापक मात्र खरोखर ओशाळले होते. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवतो, म्हणाले.

"काय लिहिणार त्यात?" म्हातारबाबांनी विचारलं.

"नजरचुकीने..."

"नजरचूक कसली? सांगणारा कोण, अन् तुम्ही त्याचं काय केलं, ते लिहा." मग ते माझ्याकडे वळले. "अन् साहेब, तुमचंबी घाला. पुस्तक खरं धरलं, अन् मला चारचौघांत चोर म्हणले, असं. नायतर उद्या पोरं म्हणतील, म्हाताऱ्याला पोलिसांनी उगाच नेलं नसंल."

"साहेबांचं नाव कशाला?" प्राध्यापक हळूच म्हणाले. मला आतून तेच हवं होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. मी कागद ओढला, ते वाक्य लिहिलं, खाली नाव आणि हुद्दा घातला, आणि भाऊबंदांसमोर वाचून दाखवलं. म्हातारबाबांनी त्याची एक प्रत मागून घेतली, नातसुनेला दाखवायला.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी समोरच्याला विचारत राहिलो, हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी? नवीन अधिकाऱ्यांनाही तेच सांगायचो. ते मान डोलवायचे, साहेबांचा अनुभव म्हणायचे. त्या दिवशी मी गाडी आधी पाठवली आणि प्रश्न नंतर विचारला, हे त्यांना सांगायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.