हेडसेटच्या गादीवरचा ठसा

सगळे त्यांना गादीवाले म्हणत. वडील सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायचे. मुलानं तोच फोम आणि तेच रेक्झिन हेडसेटच्या कानांवर आणलं, पण नाव वडिलांचंच चिकटलं. दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात कोंबलेली एक खोली. एक खिडकी, एक शिलाई मशीन आणि भिंतभर खुंट्यांना टांगलेले हेडसेट. पहिल्यांदा येणारा जरा दचकायचाच. ओळीनं माणसं बसली आहेत, फक्त ती दिसत नाहीत, असं वाटायचं.

माणूस तिरसट. गिऱ्हाइकानं "बास कसा आहे?" असं विचारलं की कपाळाला आठी पडलीच. "आवाज पहिल्या गाण्यापुरता सगळ्यांचाच बरा वाटतो. तासाभरानं कान शिजायला लागले की माझ्याकडेच याल." मग त्याच्या डोक्यावर हेडसेट चढवायचा आणि काहीही न वाजवता चहा होईपर्यंत बसवून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. तासन्‌तास खेळणाऱ्याला हलका आणि कापडी गादीचा, कारण रेक्झिनखाली घाम साचतो. डोक्यावरची पट्टी स्टीलची, कारण प्लॅस्टिक सांध्यापाशी हमखास तडकतं. वायर काढता येणारी, म्हणजे तुटली तर नुसती वायर बदलायची. आणि येताना जुना हेडसेट आणायचाच. तो पाहिला की त्यांना माणूस कळायचा. कोण कुशीवर लोळून गाणी ऐकतो, कोण चष्मा लावतो, कोण खेळात हरला की आपटाआपटी करतो. सांगताना भीडभाड नाही. एका गृहस्थाला त्यांनी बायकोसमोरच ऐकवलं होतं, "ह्याला वायर कधी जोडलेलीच नाही. हा तुम्ही घरातलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून घालता." त्या जोडप्यानं पुन्हा दुकानाचं तोंड पाहिलं नाही.

एका दुपारी एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. पिशवीतून एक काळा हेडसेट काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"मुलासाठी नवा हवाय. गेम खेळायला आणि गाणी ऐकायला. आरामशीर असू दे, आणि टिकाऊ."

गादीवाल्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. पट्टी मोठ्या मापाच्या खाचेशी घासून गुळगुळीत झाली होती, पण आता ती पार आत ढकललेली होती. गाद्यांवर मोठ्या कानाचा जुना, खोल ठसा होता. त्यावर एक बारीक, गोल, ताजा खळगा, दोन्ही बाजूंना. त्यांनी मान वर केली. बाईंच्या कानात तेवढेच मोती होते.

"मुलाचं डोकं चांगलं मोठं आहे," ते म्हणाले. "पण हल्ली हा तुम्हीच वापरताय."

बाई खुर्चीत बसल्या. "तो गेला. वर्ष होत आलं."

गादीवाल्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ते उठले आणि त्यांनी पाणी आणलं.

बाई हळूहळू बोलू लागल्या. मुलगा रोज संध्याकाळी तीन मित्रांबरोबर खेळायचा. मित्र लांबलांबच्या गावांतले, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले, नुसते हेडसेटमधून बोलणारे. तो गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नाही. बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला की मित्रांना त्याचं नाव दिसतं.

"म्हणतात, 'आला रे आला! माइक अजून बिघडलेलाच वाटतं ह्याचा.' मग खेळत बसतात. मधूनच त्याला चिडवतात, शिव्या घालतात. तेवढा वेळ तो घरात असतो हो." त्यांनी डोळे पुसले. "फक्त माइक नको. चुकून माझा आवाज गेला, तर सगळं संपलं."

गादीवाल्यांनी सगळ्यात हलका हेडसेट काढला. त्याचा सुटा माइक उपसला आणि भोक गोंदानं बुजवून टाकलं. पट्टी बाईंच्या लहानशा डोक्याला बसवली आणि ती सरकू नये म्हणून जाड दोऱ्याचे टाके घातले. बाई पुष्कळ वेळ तो घालून बसल्या. "कुठे टोचत नाही," म्हणाल्या, आणि गेल्या.

काही महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा लेक दंडाला धरून होती. बाई वाळल्या होत्या.

"काका, आता तुम्हीच हिला सांगा," लेक म्हणाली. "आई त्या मुलांशी बोलते. दादाच्या आवाजात."

"मी तोंडसुद्धा उघडत नाही," बाई म्हणाल्या.

"मग ती मुलं काय म्हणत होती? काल मी स्वतः ऐकलं, काका. 'काल काय हसवलंस रे, किती दिवसांनी बोललास!' हिला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, हे ताबडतोब बंद करा. मी आजच कॉम्प्युटर देऊन टाकणार होते. तर ही म्हणते, गादीवाले सांगतील हा कोण घालतं. माझंच डोकं निघालं तर कॉम्प्युटर खुशाल ने."

गादीवाल्यांनी हेडसेट हातात घेतला. उत्तर त्यांच्या तोंडात तयार होतं. तुमचंच डोकं आहे बाई, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बाईंचं आयुष्य मार्गी लागलं असतं, लेकीचा जीव भांड्यात पडला असता. त्यासाठी एक खोटं बोलायला त्यांची तयारी होती.

मग त्यांचं लक्ष टाक्यांकडे गेलं. ते तुटले नव्हते. एकेक करून नीट उसवलेले होते. पट्टी मोठ्या मापापर्यंत ओढलेली होती. बुजवलेलं भोक जसंच्या तसं. कापडी गादीवर मोठ्या कानाचा स्वच्छ ठसा होता आणि मोत्याचा खळगा कुठेच नव्हता. बाईंच्या कानात मोती मात्र होते. गादीवाल्यांनी ठशावर बोट ठेवलं आणि पटकन मागे घेतलं. कापड ओलसर होतं आणि कोमट होतं.

"घरून कधी निघालात?"

"सकाळीच. आधी डॉक्टरकडे गेलो होतो," लेक म्हणाली. "का?"

ते पुन्हा ठसाच न्याहाळत राहिले. लेकीनं वैतागून हेडसेट त्यांच्या हातातून घेतला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. तो कानांवरून घसरत सरळ गळ्यात उतरला. ती बघतच राहिली. भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"हे ह्यांचं डोकं नाही," ते म्हणाले.

बाईंनी गळ्यातला हेडसेट काढून त्यांच्यापुढे धरला. त्या रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"त्याला आवळत तर नाही ना?"

गादीवाल्यांनी ठसा उजेडात धरला. कडेनं सगळीकडे सारखा दबला होता, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. इतक्या वर्षांत त्यांनी असंख्य डोकी पाहिली होती, पण इतकं निवांत टेकलेलं डोकं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "अगदी आरामात बसलाय."

लेकीनं हात पुढे केले. ठसा मोडू नये म्हणून तिनं हेडसेट दोन्ही हातांनी अलगद कडेनं धरला, आणि घरी पोचेपर्यंत पिशवीत ठेवला नाही.